गजभिये मावशी आणि जड गाडी

भाड्याची खोली पाहायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो, पंखा लावून बघतो, खिडकीतून ऊन किती येतं ते विचारतो. गजभिये मावशींनी यातलं काहीच केलं नाही. भर दुपारी त्यांनी कमरेला खोचलेली टॉर्च काढली, दाराच्या कडीवर प्रकाश पाडला, कडी तीनदा लावून काढली. मग खोलीच्या उंबऱ्यापासून मागचं अंगण, तिथून गॅरेज आणि गॅरेजमधून पुढचं फाटक अशी पावलं मोजत त्या गेल्या. परत येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, या खोलीतून माणूस आडवा न्यावा लागला तं कसा नेता?"

चहा घेऊन आलेली माझी बायको मंगला दारातच थबकली. मी म्हटलं, असं कशाला काही होईल. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी काहीतरी लपवतो आहे. "होत नाही असं सगळेच सांगते. पाहिलं कोणं?"

'पाहिलं कोणं' हे त्यांचं वाक्य पुढे आम्ही शंभरदा ऐकलं. दूधवाला म्हणाला की दूध आजचंच आहे, तर पाहिलं कोणं. मंगला म्हणाली की गॅस बंद केलाय, तर पाहिलं कोणं, आणि त्या स्वतः जाऊन बटण चाचपून येत. मावशी आमचं घर सोडून गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. पण नंदनवनातल्या आमच्या घरात अजूनही कुणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की मंगला आणि मी एकमेकांकडे बघतो.

त्या एका मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं आयाबाई होत्या. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं. मुलगी काटोलला दिलेली होती, पण जावयाच्या घरी राहायची त्यांची तयारी नव्हती. अंगानं काटक, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, केस तेल लावून घट्ट बांधलेले. वजन पंचेचाळीस किलोच्या वर असेल असं वाटत नव्हतं. हे वजन मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझी सगळी फसगत या आकड्यानं केली.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. मी भूमापक होतो. सरकारी मोजणीखात्यात आयुष्य गेलं. लोकांच्या बांधांवर टेप धरून उभं राहिलं की एक गोष्ट कळते, हद्दीचा दगड आपोआप सरकत नाही. कुणीतरी सरकवतो, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा सगळ्यात साळसूद चेहऱ्याचा असतो. हा माझा नुसता अनुभव राहिला नव्हता, स्वभाव झाला होता. मंगला म्हणायची की तुम्ही भाजीवालीकडेही आरोपी म्हणून बघता. असा मी घरमालक आणि अशा त्या भाडेकरू. दोन शंकेखोर माणसांच्या मध्ये, गॅरेजमध्ये, माझी जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल उभी होती. तिचं वजन एकशे नव्वद किलो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यांदा झालं, म्हणून डॉक्टरांनी दम भरला होता, सहा महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. आमचं गॅरेज अरुंद. गाडी आत घालायची ती तोंड भिंतीकडे करून, आणि बाहेर काढताना मागे ओढत काढायची. शिवाय फरशीला फाटकाकडे उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून मीच ठेवून घेतलेला, म्हणजे आत ढकलताना चढ आणि काढताना गाडी अंगावर येणार. थोडक्यात, गाडी जिथे होती तिथेच रुतून बसली. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, विकून टाका. मी म्हटलं, बघू. मोबाइलवर गाडी वर उभी करून फिरवायच्या, खाली चाकं लावलेल्या तयार चौकटींच्या किमती बघितल्या आणि मोबाइल खाली ठेवला.

मावशी दिवाळीनंतर राहायला आल्या. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मला दोनदा सांगितलं की गाडीमुळे त्यांची वाट अडते, दोन फूट जागा करून द्या. दोन्ही वेळा मी ऑपरेशनचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो आणि मला काहीतरी खटकलं. गाडी डाव्या भिंतीपासून जेवढी असायची तेवढी नव्हती. मी टेप आणली. नऊ इंचांचा फरक होता. मंगलाला बोलावलं. ती म्हणाली, "तुम्हाला घरात बसून बसून असं होतंय." मी चाकांभोवती खडूनं बारीक रेघा मारून ठेवल्या. तीन दिवसांनी गाडी रेघांच्या सात इंच पलीकडे होती. खरचटल्याची खूण नाही, चाक घसटल्याचा डाग नाही. शटरला दुपारी आणि रात्री आतून कुलूप, त्याची किल्ली जानव्यासारखी माझ्या गळ्यात. राहिलं मागच्या अंगणाकडचं दार. तिथून फक्त मावशी येऊ-जाऊ शकत.

पण मावशींचं वजन पंचेचाळीस किलो. तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की त्या कुणालातरी आत घेतात. कुणीतरी धट्टाकट्टा गडी. तो येतो, गाडी थोडी थोडी सरकवून बघतो, आणि एक दिवस घेऊन जाणार. मावशींकडे कुणी येताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तर तीच गोष्ट जास्त संशयाची वाटली. इतक्या सफाईनं येतो म्हणजे सराईत असला पाहिजे. मंगलाला हे सांगितल्यावर ती इतकंच म्हणाली की तुमची चौकशी पूर्ण होईपर्यंत मी त्या बाईंशी नीट वागणार आहे.

आम्ही दोघं दुपारी जेवून झोपतो हे मावशींना माहीत होतं. एका दुपारी मी झोपलो नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच गॅरेजमध्ये उघडते, तिच्यामागे स्टूल घेऊन बसलो. तीनच्या सुमारास मागचं दार वाजलं. मावशी आल्या, एकट्याच. पदर खोचलेला. हातात एक जाड फळी, एक दीड फुटाचा प्लायवूडचा तुकडा आणि काखेत कागदासारखं काळं काहीतरी. ते एक्स-रे होते. जुने, दवाखान्यात कुणी न नेलेले. कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा.

त्यानंतर जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यांनी गाडी साइड स्टँडवरून सरळ केली, कंबर सीटला टेकवून तिचा तोल अंगावर घेतला, आणि रेटा न देता हळूच मागे घेत मागचं चाक जाड फळीवर आणलं. पुढच्या चाकाखाली दोन एक्स-रे एकावर एक, मध्ये अंगाला लावायची पावडर. मग प्लायवूडच्या खाली तसेच दोन एक्स-रे घालून तो तुकडा डबल स्टँडच्या खाली सरकवला. चाक आधीच उंचावर असल्यानं स्टँडला फार चढायचं राहिलं नव्हतं. त्या स्टँडच्या दांडीवर एका पायानं उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. एकशे नव्वद किलोची गाडी स्वतःहून वर येऊन बसली. त्यांनी फळी काढून घेतली, सीटच्या मागच्या टोकाला तळहात लावला आणि पेशंटची कूस बदलावी तशी गाडी वळवली. कुणाच्या तरी बरगड्यांवरून माझी गाडी आवाज न करता फिरली.

मी दार उघडून आत गेलो. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "खिडकीत कवाचे बसून राहिले भाऊ, पोटाले त्रास होते असं बसून."

मला राग यायला हवा होता, पण मी विचारलं, "हे कसं केलं?" त्या म्हणाल्या की दवाखान्यात शंभर-शंभर किलोची माणसं त्या एकटीनं पलंगावरून स्ट्रेचरवर घेत. डॉक्टर, नर्स सगळे वजन बघतात. "वजन आपलं नसते भाऊ, त्याचं असते. त्याचं त्यालेच उचलू द्या. आपण फक्त वाट करून द्यायची." मग थोडं थांबून, "दोनदा सांगितलं तुमाले. तुमी बघू म्हणाले. बघू म्हणणारा बघत नाही."

मी विचारलं, मला न सांगता का केलं. तर त्यांचं उत्तर तयार होतं. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी ऑपरेशनचं सोंग करतो आहे आणि मुद्दाम वाट अडवून त्यांना घालवायला बघतो आहे, असं त्यांना वाटत होतं. "तुमचे टाके पाहिले कोणं?" मंगला मागे येऊन उभी होती, ती हसत हसत खाली बसली. मी शर्ट वर करून टाक्यांची खूण दाखवली. त्यांनी टॉर्च लावून ती पाहिली, मगच खात्री झाली.

त्या दिवसापासून मावशींनी माझी शिकवणी घेतली. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं सगळं टाळून गाडी कशी हलवायची, ते. मी रेटा द्यायला लागलो की टाळी वाजवून थांबवायच्या. श्वास रोखला तरी ओरडायच्या, "श्वास कोंडला म्हणजे तुमी उचलून राहिले." त्यांच्या डोक्यात पुढचंही होतं. एक्स-रे फाटतात, पावडर रोज कोण टाकणार. एके दिवशी आम्ही तिघं सक्करदऱ्याला भंगारवाल्याकडे गेलो. तिथे दवाखान्याच्या मोडक्या ट्रॉल्यांची फिरती चाकं ढिगानं पडली होती. भंगारवाला म्हणाला, सगळी एकसारखीच आहेत, कुठलीही घ्या. मावशी ढिगाशेजारी बसल्या आणि एकेक चाक कानाशी धरून फिरवायला लागल्या. पाऊण तासात त्यांनी चार चाकं निवडली, त्यातलं एक बदलून पुन्हा दुसरं घेतलं. वेल्डरनं जुन्या लोखंडी पट्ट्यांची गाडीच्या लांबीची चौकट जोडून दिली, मध्ये फळ्या ठोकल्या. जमिनीपासून जेमतेम दोन इंच उंच. एका चाकाला खटक्याचा ब्रेक होता. वेल्डर म्हणाला, ब्रेक आहे, आता काळजी नाही. मावशींनी घरी आल्यावर लाकडाच्या दोन पाचरी तासून घेतल्या आणि उताराच्या बाजूनं चाकांखाली घातल्या. म्हणाल्या, "खटक्यावर भरोसा नोको. एक पाचर काढली तरी दुसरी राहिली पाहिजे."

जानेवारीत डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. इंजिन सुरू करून पहिल्या गिअरमध्ये ती हळूच चौकटीवर चढवायची, स्टँडवर लावायची, मग एका हातानं अख्खी चौकट फिरवायची. साठीला आलेला माणूस एका बोटानं गाडी फिरवून दाखवतो म्हणून शेजारचे बघायला यायचे. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून बघ्यांवर लक्ष ठेवायच्या, कुणाची नजर पाचरीवर जाते आणि कुणाची हँडलवर.

एवढा संशय कुठून आला हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मंगलाला सांगितलं, वाटाणे सोलता सोलता. त्यांच्या वॉर्डात एकदा दुपारी विजेच्या बोर्डातून धूर निघाला. बाजूचं दार होतं, पण दारापुढे लोखंडी पलंग आणि त्यावर एक पेशंट. पलंगाचं एक चाक अडकायचं. मावशी रोज सकाळी तेल घालून ते फिरवून बघायच्या. त्या दिवशी सकाळी सुट्टीवरून आल्या होत्या, कुणीतरी म्हणालं चाक दुरुस्त झालं, आणि त्यांनी बघितलं नाही. पलंग हलला नाही. बाकी सगळे दुसऱ्या दारानं निघाले. त्या म्हाताऱ्या माणसाला मावशींनी चादरीवर ओढून काढला, पण धूर फार झाला होता. दोन दिवसांनी तो गेला. "लोक म्हणते तुयी चूक नाही वं," त्या मंगलाला म्हणाल्या. "पण मले माहीत आहे नं, म्या पाहिलं नव्हतं."

मंगलानं मला हे त्याच रात्री सांगितलं. तेव्हा मला वाटलं होतं की आता मला ही बाई कळली.

फेब्रुवारीत एका रविवारी मंगलाच्या भाचीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आम्ही दोघं सकाळी नऊला निघालो. अकराला मावशींचा फोन आला, गाडी पडली, या. आम्ही पोचलो तेव्हा चौकट उतारावरून खाली येऊन शटरच्या आतल्या खांबाला अडली होती आणि गाडी चौकटीवरून आडवी झाली होती. टाकीला मुठीएवढा खड्डा, हँडल वाकलेलं. पेट्रोलचा कॉक बंद केलेला, सांडलेल्या पेट्रोलवर ओली वाळू टाकलेली. मावशी बाजूला उभ्या होत्या, हात वाळूनं माखलेले.

मी गाडीकडे बघितलं नाही आधी. चाकांकडे बघितलं. उताराच्या बाजूला दोन पाचरी असायला हव्या होत्या. एकच होती, तीही तिरपी होऊन निसटलेली. दुसरी कुठेच नव्हती. खटका उघडा होता की धक्क्यानं उघडला, ते सांगता येत नव्हतं. घरात सकाळपासून एकच माणूस होतं.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी मोजणीला उभा राहायचो तसा उभा राहिलो. विचारलं, नऊ ते अकरा तुम्ही कुठे होता. गॅरेजमध्ये किती वेळा आलात. गाडी हलवली का. दुसरी पाचर कुणी काढली. कॉकला हात कुणी लावला.

"कॉक म्या बंद केला, पेट्रोल गळत होतं. पाचर म्या काढली नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुणी काढली?"

मावशींनी हातावरची वाळू झटकली. "भाऊ, तुमी मले विचारून राहिले का सांगून राहिले?"

"विचारतोय."

"नाही जी. विचारणाऱ्याचा आवाज असा नसते."

त्या आत गेल्या. मंगला म्हणाली, जा, दोन शब्द बोला. मी म्हटलं, पुरावा समोर आहे, मी काय बोलू. मनात आणखीही काही होतं, ते मी मंगलालाही सांगितलं नाही. गाडी त्यांनीच आधी चोरून हलवली होती, एकदा चोरून करणारा पुन्हा करतो, असं माझ्या मनात होतं. नव्या हद्दीच्या भांडणात मी जुनी नोंद काढत होतो.

महिना संपायच्या आधीच त्यांनी खोली सोडली. काटोलहून मुलगी आणि जावई टेम्पो घेऊन आले. सामान फार नव्हतं. जाताना मावशींनी खोली झाडून, फरशी पुसून, कडी तीनदा लावून-काढून दाखवली आणि किल्ली मंगलाच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "पाहून घ्या एकदा खोली. मागून म्हणसान." मी पाहून घेतली. आज हे लिहिताना मला सगळ्यात जास्त याचीच लाज वाटते. त्यांना निरोप द्यायचा सोडून मी खोलीत जाऊन नळ आणि खिडक्या तपासून आलो.

त्यानंतर घर चिडीचूप झालं. मंगला माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी गाडीचं हँडल सरळ करून आणलं, टाकीचा खड्डा तसाच ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही. बहुधा पुरावा म्हणून.

तीन आठवडे झाले असतील. मंगलानं कपडे धुवायला लावले होते. आमचं वॉशिंग मशिन पिळताना असं थरथरायचं की सरकत सरकत न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचं. त्या दिवशी ते जागचं हललं नाही. मंगला सहज म्हणाली, बरं झालं, हल्ली हे नाचत नाही. मी पेपर वाचत होतो. वाचता वाचता थांबलो. उठून गेलो, मशिनपाशी गुडघ्यावर बसलो, वाकून खाली बघितलं. डाव्या कोपऱ्याच्या पायाखाली मावशींनी तासून घेतलेली पाचर होती.

मीच घातली होती. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी, शनिवारी. मंगला बाजारात गेली होती, मशिन नाचत होतं. मला उचलायला बंदी, म्हणून मावशींनी शिकवल्याप्रमाणे फळीच्या टोकावर पाय देऊन मशिनचा कोपरा वर केला, आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून गॅरेजमधली एक पाचर आणून खाली सारली. एवढे कपडे होईपर्यंतच, मग परत ठेवू, असं ठरवलं. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. आणि मंगला घरी आल्यावर मी तिला सांगितलं नाही, कारण मशिन हलवलं म्हणून ती रागावली असती. जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते मी स्वतःच विसरून गेलो.

मी फरशीवर तसाच बसून राहिलो. मंगला आली, तिनं वाकून बघितलं. आत जाऊन माझं हेल्मेट घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं.

काटोलला पोचेपर्यंत दुपार झाली. मार्च लागला होता, मृगाच्या बहाराची संत्री बाजारात आली होती, फळबाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. मुलीचं घर बाजाराच्या मागे होतं. मावशी ओसरीत सुपात डाळ पाखडत बसल्या होत्या. मी गाडी लावली. त्यांनी बसा म्हटलं नाही. उठून आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवरच्या खड्ड्यावर बोट फिरवलं.

मी उभ्यानंच सांगितलं. शनिवार, मशिन, पाचर, मुलाचा फोन, सगळं. मोजणीच्या अहवालात असतं तसं, काही न गाळता. शेवटी म्हटलं, "चूक माझी होती. तुमच्यावर घातली. माफी मागायला आलोय."

मावशींनी खड्ड्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी स्वतः पाहिली पाचर? का मंगलाबाईनं सांगितलं?"

"स्वतः पाहिली. वाकून."

"वाकले काहून? सहा महिने झाले का?"

"पाच झालेत."

त्यांनी मान हलवली आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं. चहा येईपर्यंत आम्ही ओसरीत बसलो. त्या म्हणाल्या, "म्या पण तुमच्यावर शंका घेतली होती. मले वाटलं, पाचर तुमीच काढली."

"मग बरोबरच होतं तुमचं."

"अर्धं. मले वाटलं मुद्दाम काढली, मले घालवाले. विसरले असान, हे माझ्या डोक्यात नाही आलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "माणूस विसरते. तीस वर्षं पाहिलं दवाखान्यात. तरी माझ्या डोक्यात नाही आलं पाहा."

मी म्हटलं, परत चला, खोली तशीच ठेवली आहे, मंगला वाट बघते आहे. त्यांनी नाही म्हटलं. रागानं नाही, अगदी शांतपणे. "येत नाही भाऊ. तुमी चांगले आहा, मंगलाबाई चांगली आहे. पण आता मी आली तं रोज सकाळी उठून तुमच्या तोंडाकडं पाहीन, आज काय वाटून राहिलं याले. अन तुमी माझ्याकडं पाहसान. दवाखान्यात होतं तेवढं पुरे झालं. इथं लेकीच्या घरी मी कडी एकदाच लावते."

मुलीनं पिशवीभर संत्री आणून दिली. मावशींनी त्यातली चार काढून, दाबून बघून, बदलून घातली. निघताना म्हणाल्या, पोचले की फोन करा, रस्त्यावर ट्रक फार आहेत. मी हो म्हटलं.

संध्याकाळी घरी पोचलो, गाडी आत घेतली, हेल्मेटही न काढता फोन लावला. म्हटलं, "मावशी, पोचलो नीट."

त्या म्हणाल्या, "बरं. बाईले द्या फोन."

मी मंगलाला फोन दिला. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाली, "हो मावशी. समोर उभे आहेत. मी बघतेय."